पाच लिटरचं काळीज

गळतीमामा हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलेलं नव्हतं, कौतुकानेच ठेवलेलं होतं. कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणाचा नळ ऐकेनासा झाला की सगळ्या गल्लीला एकच उपाय ठाऊक, गळतीमामाला बोलवा. मामा यायचा, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचा आणि कुठल्याही हत्याराला हात लावायच्या आधी भिंतीला कान लावायचा. मग एक बोट वर. "शू! पाइप बोलतोय." घरातली माणसं श्वास रोखून उभी. इतर प्लंबर आधी भिंत फोडतात आणि मग गळती शोधतात, मामा आधी ऐकायचा, मग बोट टेकवून म्हणायचा, "इथं." आणि गळती तिथंच सापडायची.

पण ते तेवढं बोट खाली आलं की संपलं. मग हा माणूस गप्प बसेल तर शपथ! पाना फिरवताना बोलेल, चहा पिताना बोलेल, ठसका लागला तर ठसक्यातून बोलेल. आणि दुसरी खोड म्हणजे त्याचं पोतं. लोकांच्या घरातून काढलेले झिजलेले नळ, वाकडे सांधे, मेलेल्या तोट्या, सगळं त्या पोत्यात. फेकायचं नाव नाही. "असू दे, कधीतरी कामाला येईल." लग्न का नाही केलंस विचारलं तर म्हणायचा, "घरात एकतर पोतं राहील नाहीतर बायको, आणि पोतं आधी आलं होतं."

हा मामा खाली राहायचा, त्याच्या आईबरोबर. वर राहायची त्याची थोरली बहीण, ताई, आणि तिच्या दोन मुली. भाऊजी कामानिमित्त कायम फिरतीवर, त्यामुळे घरात सत्ता सगळी बायकांची. मुली शाळेत जात नसत. ताईच त्यांना घरी शिकवायची, स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर. याचं कारण धाकटी. ती दर वाक्यानंतर "का?" विचारायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं का-बाई. शाळेने तिला "का" विचारायला बंदी केली नव्हती, पण उत्तर द्यायला वेळही दिला नव्हता. थोरली त्याउलट. आधी विचार करणार, मग मोजणार, मग पुन्हा विचार करणार, आणि तोवर का-बाईने ते करून, पाडून, पुसूनही टाकलेलं असायचं.

आणि या वर्गाची एक तिसरी विद्यार्थिनी होती. आजी. म्हणजे मामाची आणि ताईची आई.

आजीने उभं आयुष्य एका थिएटरच्या दारावर काढलं होतं. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर बसवायचं, आणि आत जायच्या दारातून कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही. बाहेर जायचं दार वेगळं! या एका नियमावर तिने भल्याभल्यांना अडवलं होतं. सगळे तिला बॅटरीबाई म्हणायचे. निवृत्त झाली तरी बॅटरी सुटली नाही. दिवसाउजेडीसुद्धा तांदळातला खडा बघायला बॅटरी लागायची. मुलींच्या वर्गात ती खिडकीपाशी बसायची, शिस्त राखायला. वर्गाला शिस्तीची गरज होती असं नाही, पण आजीला होती.

अलीकडे मात्र आजीला वर यायला वेळ लागायचा. मामाने जिन्याच्या वळणावर एक स्टूल ठेवलं होतं. ती तिथं बसायची, धाप ओसरली की उठायची आणि वर येऊन म्हणायची, "स्टूल छान आहे हो. बसल्याशिवाय राहवतच नाही." सगळे हसायचे. मामा जरा जास्तच मोठ्याने हसायचा.

कारण सगळ्यांना माहीत होतं. आजीच्या हृदयाची एक झडप झिजली होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, झडप बदलावी लागेल, ऑपरेशन करावं लागेल, उशीर नको, सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवा. आजीने बाहेर येऊन चप्पल घालतानाच निकाल दिला होता. "नाही."

"अगं आई, विचार तरी कर," ताई म्हणाली.

"केला. याला नळ बदलताना जन्मभर बघतेय," आजीने मामाकडे बोट केलं. "नळ एवढासा, आणि हा अर्धी भिंत फोडतो. मी काय भिंत आहे? माझ्या काळजात कुणी पाना घालायचा नाही."

ताईने समजावलं, भाऊजींनी फोनवर समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. राहता राहिला मामा. जो भिंतीशी बोलतो त्याला आईशी बोलणं काय अवघड? पण खरी गंमत तिथंच होती. रोज जेवताना तो मनाशी ठरवायचा, आज बोलायचंच. "आई..." म्हणायचा, आणि तोंडातून निघायचं, "...मीठ दे." आठवडाभर मामाने इतकं मीठ मागितलं की आजी म्हणाली, तुझंच हृदय आधी दाखवून घेऊ.

शनिवार उजाडला. सोमवार अगदी तोंडावर.

त्या शनिवारी ताईच्या वर्गात धडा होता हृदयाचा. मुद्दाम नाही हो. मानवी शरीर चाललं होतं, मागच्या आठवड्यात फुप्फुसं झाली, म्हणून या आठवड्यात हृदय. प्रयोगही साधाच होता, दोन बाटल्या, दोन स्ट्रॉ, एक फुगा. ताईने आदल्या दिवशी मामाला फक्त एवढंच सांगितलं, "हातभर नळी दे, पारदर्शक."

हीच तिची चूक झाली. मामाला नळी मागणं म्हणजे आगीला फुंकर घालण्यासारखं. "स्ट्रॉ?" तो म्हणाला. "माणसाचं हृदय आणि स्ट्रॉ? ताई, पोरींना आयुष्यभर वाटेल की हृदय म्हणजे सरबत! मी करतो."

"छोटंसं कर."

"छोटंसंच."

सकाळी ताईने स्वयंपाकघराचं दार उघडलं तेव्हा तिला ओटा दिसेना. खाली धुण्याचं मोठं घमेलं, त्यात बीट किसून लाल केलेलं पाणी. त्याच्या शेजारी पाच लिटरचा जाड प्लास्टिकचा कॅन आडवा टाकलेला. घमेल्यातून कॅनमध्ये एक नळी, कॅनमधून दुसरी पारदर्शक नळी दाराच्या चौकटीवरून चढत चढत थेट कपाटाच्या डोक्यावर ठेवलेल्या बादलीत, आणि बादलीतून तिसरी परत घमेल्यात. दोन नळ्यांना एकेक व्हॉल्व्ह. एक कोरा करकरीत, आणि वर चढणाऱ्या नळीवर एक जुना, पितळेचा, घासून लखलखीत केलेला. मामा मधोमध कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि आपल्याच कामाकडे बघून खूष होता.

"हे छोटंसं?" ताई म्हणाली.

"हा कॅन म्हणजे हृदय. बादली म्हणजे डोकं. घमेलं म्हणजे पाय. कॅन दाबला की रक्त डोक्यात."

"का?" का-बाई म्हणाली.

"कारण दाबल्यावर पाण्याला कुठंतरी जावंच लागतं."

"आणि दाबायचा कशाने?"

मामाने एक क्षण विचार केला. या प्रश्नाचा विचार त्याने आधी केलाच नव्हता. मग तो म्हणाला, "बसून."

का-बाईने इतक्या जोरात किंकाळी फोडली की खालून आजीचा आवाज आला, "काय झालं गं?"

"आईला वर बोलवू नकोस," ताई मामाच्या कानाशी कुजबुजली. "हृदयबिदय बघून घाबरेल." पण तोवर का-बाई जिन्यात पोचली होती. "आजी, ये ना! आज आम्ही हृदयावर बसणार आहोत!" असं आमंत्रण कोण नाकारेल? आजी आली. स्टुलावर बसली, उठली, वर येऊन खिडकीपाशी बसली. मांडीवर बॅटरी.

पण थोरली शिस्तीची. आधी खऱ्या हृदयांचं ऐकायचं, मग खोट्याचं, असा तिचा आग्रह. तिने स्वयंपाकघरातलं नरसाळं घेतलं, त्याला मामाची हातभर नळी जोडली. नरसाळं छातीवर, नळीचं टोक कानात. झाली थोरली डॉक्टर. पहिला रुग्ण का-बाई. तिचं हृदय नुसतं उधळलेलं होतं, कारण ती जागेवर उड्या मारत होती. मग ताईचं. "आईचं अगदी व्यवस्थित आहे, वेळापत्रकासारखं." मग मामाचं. थोरलीने बराच वेळ ऐकलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मामाचं हृदयपण बोलतंय. थांबतच नाही."

ताई हसता हसता ओट्याला टेकली. आजी म्हणाली, "आता माझं."

ताईचं हसू तिथंच राहिलं. पण नरसाळं लागलंही होतं. थोरलीने भुवया आवळल्या, नळी दुसऱ्या कानात घातली, पुन्हा ऐकलं.

"आजीचं वेगळं आहे. आमचं धड-धड, धड-धड. हिचं धड... सुस्स. धड... सुस्स."

"बघू, बघू!" का-बाईने नळी ओढली. "अय्या, आपल्या जुन्या फ्लशसारखं!"

"मामा, तू ऐक ना," थोरली म्हणाली. "तुला आवाज कळतात."

मामाने आयुष्यात कुणाकुणाच्या भिंतींना कान लावला होता, पण आईच्या छातीला लावला नव्हता. तो गुडघ्यावर बसला. नळी कानात घातली. सवयीने बोट वर गेलं. पण "शू" निघालं नाही. धड... सुस्स. धड... सुस्स. दुसऱ्या कुणाच्याही घरी असता तर त्याने केव्हाच बोट टेकवून म्हटलं असतं, इथं. कारण हा आवाज त्याला पाठ होता. पुढं ढकललेलं पाणी बंद न होणाऱ्या फटीतून मागं येतं, तेव्हा असंच वाजतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय रे," आजी वरून म्हणाली, "फोडावी लागेल का भिंत?"

"चला, चला, पंप चालू करू!" मामा म्हणाला आणि उठून पळालाच.

का-बाई कॅनवर बसली. ताईने मोजायला घेतलं, "एक!" का-बाई उडाली आणि आदळली. लाल पाणी नळीत सरसरून चढलं, चौकटीपर्यंत आलं आणि टाळ्या पडल्या. का-बाई उठली, आणि पाणी सरसरून खाली आलं. पुन्हा आदळली, पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं. धड, धड, धड! लाल रेघ चौकटीशी येऊन तिथूनच परत फिरायची. कपाटावरच्या बादलीत थेंब नाही. पोरगी घामाघूम.

"मामा," थोरली हळूच म्हणाली, "तुझं हृदय गळतंय."

गळतीमामाच्या कामाला गळती! हे वाक्य त्याला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. मग काय, नाचता येईना अंगण वाकडं. पोरगी वजनाला हलकी आहे, कॅन मऊ आहे, बीट नीट गाळलं नाही. ताई म्हणाली, बिटाचा काय संबंध? मामा म्हणाला, असतो, तुला कळायचं नाही.

"थांबा सगळे," आजी म्हणाली.

तो थिएटरमधला आवाज होता. सगळे थांबले. का-बाई अर्धवट उडालेली तशीच थांबली. आजी उठली, बॅटरी लावली, आणि नळीवर उजेड पाडत पाडत खालपासून वर गेली. लाल पाणी उजेडात चमकलं. "दाब गं एकदा." पाणी चढलं. "ऊठ." पाणी उतरलं. आजीने उजेड पितळेच्या व्हॉल्व्हवर आणून रोखला.

"याचं काम काय?"

"पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही," मामा म्हणाला.

"म्हणजे दारावरचा माणूस. मग हा झोपलाय! आत गेलेला माणूस त्याच दाराने परत बाहेर? माझ्या दारावर असं एकदा जरी झालं असतं ना! काढ त्याला."

मामाने पाना लावला. व्हॉल्व्ह सुटला, पाणी गळलं, फरशीवर पसरलं, कुणाला पर्वा नव्हती. आतली झडप त्याने चिमटीत धरून बाहेर काढली. बाहेरून लखलखीत पितळ, आतून कडा पार खाल्लेली.

"हा पोत्यातला ना?" ताईने विचारलं.

मामाने मान खाली घातली. "जुनं पितळ आहे गं. दिसायला किती देखणं..."

"अरे, कुणाच्या तरी घरातून गळतो म्हणून काढलास, आणि आमच्या हृदयात बसवलास?"

मुली तर जमिनीवर लोळायलाच लागल्या. ताईला हसून हसून उचकी लागली. मामाही हसला, दुसरं काय करणार? पण आजी हसली नव्हती. ती झडप तिने तळहातावर घेतली होती आणि बॅटरीच्या उजेडात तिची कड बोटाने चाचपत होती.

"माझी अशीच झालीय?" तिने विचारलं.

मुलींनी ताईकडे पाहिलं. ताईने मामाकडे पाहिलं. आणि मामाला मीठ मागायला तिथं ताटसुद्धा नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "मी आत्ता ऐकलं. ते सुस्स वाजतं ना, ते हेच. पुढं गेलेलं रक्त परत मागं येतं. मग तुझ्या हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं. ही पोरगी दमली तसं. म्हणून तुला जिन्यात स्टूल लागतं."

"आणि बदलायला भिंत फोडावी लागते."

"लागते. खोटं कशाला सांगू? माझ्या कामासारखं सोपं नाही ते, खूप अवघड आहे. पण ते करणारे माझ्यासारखे धसमुसळेही नाहीत." या वेळी तो थांबला नाही. "आई, मला हा आवाज ओळखता येतो. तो आपणहून कधी थांबत नाही, वाढतच जातो. दुसऱ्याच्या घरी असतो तर म्हटलं असतं, आजच्या आज करून घ्या. तुला सांगायला मात्र जीभ उचलत नव्हती. मला फार भीती वाटते गं. ऑपरेशनची वाटते. पण हे ऐकून काहीच न करता खाली जाऊन जेवायला बसायची जास्त वाटते."

आजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग बॅटरी विझवली. "नवा बसव आधी. बघू दे मला."

मामाने पिशवीतून कोरा व्हॉल्व्ह काढला. एरवी गप्पा मारत करायचा ते काम त्याने तोंडातून शब्द न काढता केलं, आणि आजी बोटांकडे बघत राहिली. "झालं?" "झालं." का-बाई धावली, पण ती दमलेली. "सरक," मामा म्हणाला आणि भावनेच्या भरात स्वतःच कॅनवर बसला.

आता मामाचं वजन काही कमी नव्हतं. आणि व्हॉल्व्ह कोरा! पाणी चौकट ओलांडून जे गेलं ते बादलीत पोचलं, बादलीत मावेना, नळी बादलीतून उसळून बाहेर आली आणि एखाद्या चिडलेल्या सापासारखी कपाटावर नाचायला लागली. लाल पाण्याचा फवारा छतावर, ओट्यावर, ताईच्या वेणीवर. "ऊठ! ऊठ रे!" ताई ओरडली. मामा घाबरून उठला आणि अजून घाबरून परत बसला, म्हणजे दुसरा ठोका! थोरली शिस्त विसरून टाळ्या पिटत किंचाळत होती, "आलं! डोक्यात आलं!" आणि ते खरोखरच मामाच्या डोक्यावर आलं, बादलीसकट.

आजी हसली. अशी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला, मग छातीवर हात ठेवावा लागला, आणि मग हसू संपलं तरी धाप संपेना. सगळे जिथल्या तिथे थिजले. बिटाचं पाणी तेवढं टपटपत होतं. आजीने हाताने खूण केली, थांबा, येतो दम. आला. हळूहळू आला.

"हसूसुद्धा पुरतं हसता येत नाही मेलं," ती म्हणाली. मग तिने पदराने चष्मा पुसला. "मी रिटायर झाले तेव्हा किती रडले होते, आठवतं? म्हटलं, माझ्यामागं ते दार कोण सांभाळणार? तर आली एक नवी पोर. महिन्याभराने मी मुद्दाम बघायला गेले, म्हटलं सापडेल काहीतरी चूक. तिने मलाच अडवलं! आत जायच्या दारातून बाहेर येत होते म्हणून." ती पुन्हा हसली, या वेळी बेताने. "दारावरचं माणूस थकलं की बदलावं. लाव गं फोन डॉक्टरीणबाईंना. सोमवारची वाट कशाला बघायची?"

ताई बिटाने माखलेल्या हातांनीच फोन शोधायला लागली. मामा डोक्यावर बादली तशीच ठेवून उभा होता, कारण आत तो रडत होता, आणि बादली काढली असती तर ते सगळ्यांना दिसलं असतं.

"पण माझी एक अट आहे," आजी म्हणाली. "माझी काढलेली झडप याच्या हाताला लागता कामा नये. हा ती पोत्यात ठेवील, आणि उद्या कुणाच्या तरी मोरीत बसवील."

ऑपरेशन झालं. ते दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे. आजी घरी आली, पडून राहिली, मग खोलीत फिरायला लागली, आणि एके सकाळी का-बाईने जिन्यातून आवाज ऐकला. आजी वर येत होती. वळणावर ती थांबली, पण बसली नाही. स्टुलाकडे जरा अपमानाने पाहिलं आणि वर आली. "याच्यावर कुंडी ठेवा एखादी," तिने जाहीर केलं.

थोरली नरसाळं घेऊन तयारच होती. आधी तिने ऐकलं, मग का-बाईने. का-बाई म्हणाली, "टक्-टक् करतंय! का?"

"नवी आलीय ना दारावर," आजी म्हणाली. "दार जरा आपटते, पण कामाला चोख वाटते."

मग मामाने नळी घेतली. गुडघ्यावर बसला. बोट वर गेलं. "शू!" या वेळी ते निघालं. मुली गप्प झाल्या, ताईने गॅस बारीक केला. मामा ऐकत राहिला. खूप वेळ ऐकत राहिला. एवढा वेळ तो गप्प बसलेला घरात कुणी कधी पाहिला नव्हता.

"अरे, किती वेळ?" शेवटी आजी म्हणाली. "मला भाजी निवडायचीय. काय ते सांग तरी. गळतंय का?"

मामाने नाही म्हणून मान हलवली. नळी काढली नाही.

"दार नीट लागतंय, आई," तो म्हणाला, आणि पुन्हा बोट वर करून ऐकायला लागला.